थडगी, तिकिटे आणि खुशाली

छंदांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण करावयाचे झाल्यास त्यांचे दोन गट पडतात : घरच्यांना परवडणारे आणि घरच्यांना समजणारे. जुन्या काळातील दफनभूमींची आणि नामवंतांच्या थडग्यांची चित्रकार्डे जमविण्याचा छंद पहिल्या गटात बिनदिक्कत बसतो, कारण यातील बहुतेक कार्डे एका साध्या जेवणाच्या पैशांत मिळतात. दुसऱ्या गटात मात्र त्याला कोणत्याही देशातील कुटुंबसंस्थेने अद्याप प्रवेश दिलेला नाही. पोस्टकार्डांच्या संग्रहाला आणि अभ्यासाला ‘डेल्टिऑलॉजी’ असे भारदस्त नाव असून, लहान लेखनपाटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते एका अमेरिकन प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या मध्यास घडविले. दफनभूमींत रमणाऱ्या, थडग्यांवरचे लेख वाचीत हिंडणाऱ्या माणसाला ‘टॅफोफाइल’ म्हणतात. या दोन्ही संज्ञा ज्याला एकाच वेळी लागू पडतात तो गृहस्थ येथे अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याच्याबाबत प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, तो स्वभावाने उदास वगैरे नसतो. उलट चारचौघांपेक्षा अंमळ अधिकच उत्साही असतो, आणि घरच्यांची तक्रार असते ती नेमकी या उत्साहाबद्दल.

या छंदाचे मूळ शोधण्यासाठी आधी कार्डाची कुळकथा पाहणे भाग आहे. चार ओळींच्या मजकुरासाठी कागद, पाकीट आणि नमनाला घडाभर तेल असा सारा खटाटोप परवडणारा नाही, असे इमॅन्युएल हेर्मान या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाला वाटले, आणि त्याच्या सूचनेनंतर १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने जगातील पहिले सरकारी पोस्टकार्ड काढले. हिंदुस्थानात ते १८७९ मध्ये पाव आण्याला मिळू लागले. चित्र छापलेली कार्डे शतकाच्या अखेरीस फोफावली, आणि १९०० ते १९१४ हा काळ त्यांचे सुवर्णयुग मानला जातो. या काळातील प्रकाशकांची अडचण अशी की, गावे उदंड होती, पण प्रत्येक गावात पाहण्यासारखे फार थोडे होते. छायाचित्रकार गावात उतरला की मुख्य रस्ता, न्यायालय, रेल्वे स्टेशन, शाळा आणि पूल यांची छायाचित्रे उरकी, आणि तरीही संच पुरा होईना तेव्हा दफनभूमीच्या फाटकाकडे वळे. अमेरिकेतील कितीतरी आडगावांचे जे एक-दोन देखावे आज कार्डांच्या रूपाने शिल्लक आहेत त्यांत हे लोखंडी फाटक हमखास असते, आणि फाटकापुढे टोपी घालून उभा असलेला एक अनोळखी इसमही असतो, ज्याने पुढे यथावकाश आत प्रवेश केला असणार.

तथापि दफनभूमी ही केवळ भरतीची वस्तू होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत उद्यान-दफनभूमीची कल्पना रुजली. म्हणजे चर्चच्या दाटीवाटीच्या आवाराऐवजी गावाबाहेर झाडे, टेकड्या, तळी आणि वळणदार रस्ते असलेल्या प्रशस्त जागेत मृतांची सोय लावणे. बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न (१८३१) आणि ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड (१८३८) ही तिची ठळक उदाहरणे होत. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते, त्यामुळे शहरी माणसाला हिरवळीवर बसावेसे वाटले तर कोणाच्या तरी उशापायथ्याशी बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रीन-वुडला वर्षाकाठी सुमारे पाच लाख माणसे येत, आणि त्यांतील बहुसंख्य संध्याकाळी परत जात. गाड्या जोडून, शिदोऱ्या बांधून, मुलाबाळांसह केलेल्या या सहलींची आठवण म्हणून कार्ड विकत घेणे ही पुढच्या पिढीला साहजिकच वाटणारी गोष्ट होती. तळ्याकाठी बदके, मागे संगमरवरी देवदूत, आणि खाली गावाचे नाव असे कार्ड पाहून आजच्या माणसाच्या अंगावर काटा येतो. छापणाऱ्याच्या मनात मात्र बदकांपलीकडे काही नव्हते.

थडग्याची कीर्ती ही जिवंतांच्या सोयीने ठरते, हा या अभ्यासातील मुख्य सिद्धान्त असून त्याचा उत्तम पुरावा पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत सापडतो. ही जागा १८०४ मध्ये खुली झाली तेव्हा ती शहरापासून लांब, टेकडीवर आणि ओळखीपाळखीचे कोणी नसलेली, अशी तिन्ही बाजूंनी गैरसोयीची होती, आणि पॅरिसकर तेथे पुरले जाण्यास राजी होईनात. तेव्हा प्रशासनाने १८१७ मध्ये नाटककार मोलिएर, कथाकार ला फोंतेन आणि बाराव्या शतकातील प्रसिद्ध प्रेमी युगुल आबेलार व एलोईज यांचे म्हणून मानले गेलेले अवशेष गाजावाजा करून तेथे आणून ठेवले. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत एखाद्या नटाने आधीच सदनिका घेतल्याचे छापावे तसा हा प्रकार होता, आणि त्याचा परिणामही तसाच झाला : जागेला मागणी आली, भाव चढले आणि थोरामोठ्यांचा शेजार लाभावा म्हणून सधन कुटुंबे आधीपासून नोंदणी करू लागली. हाडे खरोखर त्यांचीच होती काय, याबद्दल विद्वानांना शंका आहे. गिऱ्हाइकांना ती नव्हती. शंभर वर्षांनी पॅरिसच्या छापखान्यांनी याच थडग्यांची कार्डे क्रमांक घालून बाजारात आणली, तेव्हा मोलिएरचा हा दुसरा आणि अधिक स्वस्त असा पुनर्जन्म ठरला.

याच दफनभूमीतील ऑस्कर वाइल्डचे थडगे संग्राहकांच्या विशेष लोभाचा विषय आहे. वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसमध्ये वारला, आधी शहराबाहेर बान्यो येथे पुरला गेला आणि १९०९ मध्ये पेर लाशेझमध्ये आणला गेला, जेथे जेकब एप्स्टाइनने घडविलेली पंखधारी आकृती त्याच्यावर बसविण्यात आली. पुढे चाहत्यांनी ओठांना रंग लावून दगडाची चुंबने घेण्याची प्रथा पाडली आणि दगड त्या रंगातील तेलाने खराब होऊ लागला, म्हणून २०११ मध्ये भोवती काचेचे कुंपण घालावे लागले. जुन्या कार्डावरील थडगे मात्र काचेविना आणि चुंबनांविना उभे आहे, आणि संग्राहकाला ते तसेच हवे असते. इतर मंडळी थडग्यावर प्रेम करतात ती ओठांनी. संग्राहक ते भिंगाने करतो, आणि त्याला कुंपण घालण्याचे अद्याप कोणाच्या मनात आलेले नाही.

मृतांच्या सोयीसाठी जिवंतांनी काढलेल्या तिकिटांचा विचार करावयाचा तर लंडनजवळच्या ब्रुकवुडकडे वळावे लागते. लंडनच्या दफनभूमी भरून वाहू लागल्या तेव्हा १८५४ मध्ये सरे परगण्यात ही प्रचंड दफनभूमी उघडण्यात आली आणि तेथपर्यंत वॉटर्लूजवळच्या खास स्थानकावरून अंत्ययात्रेची स्वतंत्र आगगाडी धावू लागली. गाडीत पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते आणि ते शवपेट्यांनाही लागू होते, कारण इंग्लंडात माणूस मेला तरी त्याचा वर्ग मरत नसे. दफनभूमीच्या आत दोन स्टेशने होती, एक सरकारमान्य चर्चच्या अनुयायांसाठी आणि दुसरे त्या चर्चला न मानणाऱ्यांसाठी, म्हणजे चुकीच्या फलाटावर उतरून कोणाचे परलोकात हाल होऊ नयेत. तिकिटांचे दर पाहण्यासारखे आहेत : शोक करणाऱ्याचे तिसऱ्या वर्गाचे परतीचे तिकीट २ शिलिंगांना मिळे, तर शवपेटीचे तिसऱ्या वर्गाचे एकेरी तिकीट २ शिलिंग ६ पेन्सला पडे. याचा अर्थ जिवंत माणूस जाऊन-येऊन जितके देई त्याहून मृताला नुसते जाण्याचे जास्त पडत असे, आणि मृतांकडून याबाबत तक्रार आल्याची नोंद नाही. या स्वस्त तिकिटाच्या मोहाने त्या बाजूला खेळायला निघालेले गोल्फचे खेळाडू काळे कपडे घालून शोकाकुल नातेवाईक बनत, असे सांगितले जाते. एप्रिल १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात लंडनचे ते स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा बंद पडली. मराठी वाचकाला या जागेचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे : १९०४ मध्ये जर्मनीत निवर्तलेले जमशेटजी टाटा याच ब्रुकवुडच्या पारशी विभागात चिरविश्रांती घेत आहेत.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर लंडनच्या हायगेट दफनभूमीचा उल्लेख टाळता येत नाही. तेथे कार्ल मार्क्स १८८३ पासून आहे. त्याची जुनी शिळा साधी आणि एका बाजूला पडलेली होती. १९५६ मध्ये लॉरेन्स ब्रॅडशॉने घडविलेले भले थोरले मस्तक चौथऱ्यावर बसले आणि मार्क्सची कार्डे आधीची व नंतरची अशा दोन वर्गांत विभागली गेली, जे त्याच्या सिद्धान्ताशी सुसंगतच म्हणावे लागेल. आज ही दफनभूमी पाहण्यासाठी पैसे मोजून तिकीट काढावे लागते, आणि खासगी मालमत्तेवर कोरडे ओढणाऱ्याच्या पायाशी पोहोचणारा प्रत्येक भक्त ते मुकाट्याने काढतो. मार्क्सच्या समोरच हर्बर्ट स्पेन्सर आहे, ज्याचे ग्रंथ आगरकरांच्या पिढीने पुण्यात बसून डोळ्यांत तेल घालून वाचले. एके काळी साऱ्या जगाने वाचलेला स्पेन्सर आज बहुतेकांना मार्क्सचे छायाचित्र काढताना पाठीमागे लागणारी वस्तू म्हणून परिचित आहे, आणि त्याचे स्वतंत्र कार्ड हाती लागले तर संग्राहकाला होणारा आनंद निम्मा विद्वत्तेचा आणि निम्मा कणवेचा असतो.

थडग्यांच्या कार्डांचा खरा महासागर मात्र इटलीत, जेनोआ शहरातील स्तालिएनो येथे आहे. ही दफनभूमी १८५१ मध्ये उघडली आणि तिच्या लांबलचक कमानींखाली जेनोआच्या धनिकांनी संगमरवरी कुटुंबेच्या कुटुंबे उभी केली : दार ठोठावणाऱ्या विधवा, आजोबांना फुले देणारी नातवंडे, हॅट हातात धरून खाली पाहणारे जावई. या गर्दीत एक मूर्ती वेगळी आहे. कातेरिना कांपोदोनिको ही जेनोआच्या जत्रांतून दोऱ्यात ओवलेल्या सुक्या फळांच्या माळा आणि गोड पाव विकणारी बाई होती. तिने जन्मभर पै-पैसा गाठीला बांधून १८८१ मध्ये, म्हणजे हयातीतच, लोरेन्झो ओरेंगो या नामांकित शिल्पकाराकडून स्वतःची पुरुषभर उंचीची मूर्ती करवून घेतली आणि पुढच्याच वर्षी ती निवर्तली. कार्ड भिंगाखाली धरले तर तिच्या पोशाखाची झालर, शालीचे गोंडे आणि हातातील माळेचा एकेक मणी मोजता येतो, आणि चेहऱ्यावर उधारी न ठेवणाऱ्या बाईचा करारीपणा दिसतो. शेजारपाजारच्या शेठसावकारांच्या मूर्तींत देवदूतांची रेलचेल आहे. कातेरिनाने देवदूत घेतला नाही, माल घेतला. परिणाम असा की, सावकारांची नावे वाचण्यासाठी कोणी वाकत नाही आणि माळा विकणारीच्या कार्डावर कार्डे निघत राहिली. जाहिरातशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या मूर्तीचा अभ्यास करावा असे सुचवावेसे वाटते.

यापुढचा टप्पा रिकाम्या थडग्यांचा. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर मरण पावला तेव्हा शिळेवर नाव काय कोरावे यावरून वाद झाला. फ्रेंचांना नुसते ‘नेपोलियन’ हवे होते, कारण सम्राटाला आडनाव नसते, आणि इंग्रज गव्हर्नर पुढे ‘बोनापार्ट’ जोडण्यावर अडून बसला. दोघेही हटेनात, म्हणून शिळा कोरीच राहिली. १८४० मध्ये नेपोलियनला पॅरिसला हलविण्यात आले, म्हणजे पहिले पोस्टकार्ड निघाले त्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे हे थडगे मोकळे झालेले होते. तरी सेंट हेलेनाच्या चित्रकार्डांत ते मानाने विराजमान आहे. नाव नसलेल्या, आत कोणी नसलेल्या खड्ड्याभोवतीचे कुंपण असे त्याचे वस्तुनिष्ठ वर्णन करता येईल. व्हेरोना येथे जूलिएटचे म्हणून दाखविले जाणारे तांबूस दगडाचे उघडे शवपात्र तर याहून वरचढ आहे, कारण त्यात कोणी नाही एवढेच नव्हे, तर जिच्यासाठी ते दाखवितात ती बाई कथेबाहेर कधी जन्मालाच आली नव्हती. तरीही प्रवाशांनी त्याचे टवके काढून नेले, त्यांत कवी बायरनही होता; नेपोलियनची दुसरी पत्नी मारी लुईझ हिने त्या तुकड्यांचे दागिने करवून घेतल्याचे सांगतात. आलेल्या पाहुण्यांनी आपली नावे छापलेली भेटकार्डे त्या पात्रात टाकण्याचा प्रघातही पडला होता, जणू बाई बाहेर गेल्या असून परतल्यावर पाहतील.

वेल्समधील बेडगेलर्ट गावचे थडगे भारतीय वाचकाला थबकून पाहावयास लावील. लुएलिन नावाच्या राजाचा गेलर्ट हा इमानी कुत्रा तेथे पुरला असल्याचे सांगतात. राजा शिकारीहून परतला, पाळणा उलटा पडलेला दिसला, कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले पाहून त्याने रागाच्या भरात त्याला ठार केले, आणि मग बाळ सुखरूप व शेजारी मेलेला लांडगा सापडला. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही येथे कुत्र्याच्या जागी मुंगूस, लांडग्याच्या जागी साप आणि तलवारीच्या जागी पाण्याचा घडा दिसू लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ही गोष्ट मजल दरमजल करीत, जात बदलत, वेल्सपर्यंत पोहोचली असे कथांचे अभ्यासक मानतात. थडग्याचे दगड अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड या गावच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाइके वाढावीत म्हणून रचले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक सर्वत्र असतात. प्रिचर्डचे कर्तृत्व असे की, त्याने मढे नसताना लोणी काढले. श्रॉपशरमधील टाँग गावात डिकन्सच्या कादंबरीतील चिमुकल्या नेलचे थडगे दाखविले जाते. तेथील चर्चच्या सेवकाने नोंदवहीत तिच्या दफनाची बनावट नोंदही घुसडली, पण ती टपालकचेरीच्या शाईने केल्याचे ओळखू आले, असे सांगतात. या दोन्ही थडग्यांची कार्डे भरपूर निघाली आणि आजही सहज मिळतात. मुंगसाची गोष्ट जेथून निघाली त्या देशात मात्र मुंगसाचे थडगे कोणी बांधले नाही, यावरून हॉटेलधंद्यात आपण किती मागे होतो हे कळते.

याउलट थडग्यात माणूस खरोखर असला तर त्यावरून भांडणे होतात. ‘बफेलो बिल’ या नावाने गाजलेला विल्यम कोडी १९१७ च्या जानेवारीत डेन्व्हरला वारला आणि जूनमध्ये तेथील लुकआउट पर्वतावर पुरला गेला. परंतु त्याने वसविलेल्या वायोमिंगमधील कोडी या गावाचे म्हणणे असे की, तो मूळचा आमचा असून आम्हाला परत मिळावा. १९४८ मध्ये कोडी गावच्या माजी सैनिकांनी देह परत आणणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस लावले, आणि डेन्व्हरच्या माजी सैनिकांनी थडग्यावर पहारा बसविला. ज्या काळात हा तंटा चालू होता त्याच काळात, कापडासारखा पोत असलेल्या जाड कागदावर भडक रंगांत छापलेली या थडग्याची कार्डे पर्वतावर येणाऱ्या प्रवाशांना विकली जात होती. अब्राहम लिंकनची शवपेटी पळवून खंडणी मागण्याचा बेत बनावट नोटांचा धंदा करणाऱ्या टोळीने १८७६ मध्ये आखला आणि तो फसला. अखेरीस १९०१ मध्ये ती पेटी स्प्रिंगफील्ड येथे काँक्रीटमध्ये गाडण्यात आली. रिकाम्या थडग्याला यांपैकी कसलाच त्रास नसतो, आणि कार्डावर दोन्ही सारखीच दिसतात.

संग्राहकांचे ढोबळमानाने तीन पंथ मानता येतात. फाटकपंथीयांना दफनभूमीचे प्रवेशद्वार पुरते आणि त्यांना आत जाण्याची घाई नसते. नामपंथीयांना थडग्यावरचे नाव वाचता आले पाहिजे, त्यामुळे शेक्सपिअरपाशी त्यांची पंचाईत होते, कारण त्याच्या शिळेवर हाडे हलविणाऱ्याला शाप कोरलेला आहे, नाव मात्र कोरलेले नाही. तिसरा अस्थिपंथ सर्वांत कडवा असून पॅरिसच्या भुयारांतील कवट्यांच्या भिंती किंवा चेकियातील सेडलेत्स येथे फ्रांतिशेक रिंट याने हाडांपासून १८७० मध्ये केलेली सजावट यांच्या कार्डांखेरीज त्यांना काही दिसत नाही. तेथे टांगलेले झुंबर हाडांचे आहे आणि कारागिराने आपली सहीसुद्धा हाडांनीच केली आहे. हे तिन्ही पंथ एकमेकांना विक्षिप्त समजतात आणि याबाबतीत तिन्ही बरोबर आहेत.

पंथ कोणताही असो, कार्डाचे वय ओळखण्याचे शास्त्र सर्वांना शिकावेच लागते. सुरुवातीच्या कार्डांची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे आणि मजकूर चित्राच्या बाजूला कोंबावा लागे. पाठीच्या मधोमध रेघ मारून एकीकडे पत्ता व दुसरीकडे मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये आणि अमेरिकेने १९०७ मध्ये दिली. त्यामुळे त्याआधीच्या कार्डांवर देवदूताच्या पंखांवर, आकाशात आणि सरूच्या झाडांमधून कोणाच्या तरी सर्दी-पडशाची हकिकत वाहताना दिसते. छायाचित्रणाच्या कागदावर थेट उतरविलेल्या कार्डांच्या पाठीवर, तिकिटाच्या चौकटीत, कागद करणाऱ्या कंपनीची खूण असते. ‘अझो’ या छापाच्या कोपऱ्यांतील चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद १९०४ ते १९१८ या काळातला. रंगीत कार्डांचे रंग बहुधा दूरच्या छापखान्यात, ती जागा जन्मात न पाहिलेल्या कारागिरांनी भरलेले असत, आणि रात्रीचा देखावा हवा असल्यास दिवसाच्याच चित्रावर निळी छटा चढवून एक चंद्र चिकटवीत. हे सर्व तपासून झाल्यावर संग्राहक मजकुराकडे वळतो आणि तेथे त्याला कळून चुकते की, पाठविणाऱ्याने पुढच्या बाजूला कोणाचे थडगे आहे हे पाहिलेलेच नाही. हवा बरी आहे, गाडी वेळेवर पोहोचली, धाकटीचे दात आले, पुढच्या मंगळवारी येतो; सारांश, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. दुकानात कार्डांच्या ढिगात हाताला लागले ते कार्ड उचलून माणसे आपली खुशाली कळवीत होती, आणि मृत्यूच्या चित्राचा त्या खुशालीला काडीचाही अडथळा होत नव्हता.

मराठी घरांत कार्ड आणि मृत्यू यांची गाठ नेमकी उलट रीतीने पडे. घरात आलेली सगळी पत्रे भिंतीजवळच्या वाकड्या तारेला टोचून वर्षानुवर्षे जपली जात. फक्त माथ्यावर ‘श्री’ नसलेले, कोणी गेल्याची वार्ता आणणारे कार्ड तारेपर्यंत पोहोचत नसे. ते वाचीत, लगेच फाडून टाकीत आणि सुतकाच्या स्नानाला लागत. ज्या संस्कृतीत मृत्यूचे कार्ड घटकाभरही घरात ठेवीत नाहीत तेथे कोणी अशी शेकडो कार्डे पारदर्शक पिशव्यांत घालून कपाटात रचू लागला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्या पत्रिकेची विचारपूस करणे स्वाभाविक आहे. शिवाय दहनाच्या प्रथेमुळे छायाचित्रकाराला येथे थडग्यांचा पुरवठाही बेताचाच होता. मुंबईच्या कार्डवाल्यांनी मग मलबार हिलवरील पारशांच्या दोखम्यांकडे मोर्चा वळविला, आणि आत जाण्यास मज्जाव असल्यामुळे बाहेरची भिंत आणि तिच्यावरची गिधाडे एवढ्यावर काम भागविले. विलायतेस परतणारे साहेब ही कार्डे हौसेने घरी धाडीत.

तरीही मराठी माणूस या छंदापासून अगदी सोवळा राहिला आहे असे म्हणवत नाही. ताजमहाल ही कबर आहे, औरंगाबादचा बीबी का मकबरा ही कबर आहे आणि विजापूरचा गोल घुमट ही तर नामांकित कबर आहे. सहलीहून परतणाऱ्या कित्येक पिढ्यांनी यांचीच कार्डे आणली आणि मधुचंद्राच्या वाटेवरून थोरामोठ्यांना नमस्कार कळविण्यासाठी वापरली. लग्नात आहेर म्हणून आलेला, आत दिवा लागणारा छोटा संगमरवरी ताजमहाल कित्येक दिवाणखान्यांतील काचेच्या कपाटात विराजमान झालेला आहे, आणि नवदांपत्याला थडगे भेट दिल्याबद्दल आजवर कोणी कोणाशी संबंध तोडलेले नाहीत. थडगे पुरेसे सुबक असले की ते अशुभ राहत नाही, असा याचा अर्थ. मात्र या छंदात शिरलेल्या मराठी संग्राहकाला ज्याची खरी ओढ लागावी ते ठिकाण वेगळे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, आणि त्यांची रक्षा त्यांना मुलीप्रमाणे वागविणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. जेथे दहन होते आणि थडगे नसते त्या समाजातील एका स्त्रीची शिळा सातासमुद्रापार, उद्यान-दफनभूमीच्या झाडांखाली आहे. तिच्यापुढे विनोदाने क्षणभर चप्पल काढून उभे राहावे हे उचित.

राहता राहिला प्रश्न संग्रहाच्या भवितव्याचा. वारसांना या संग्रहात रस नसतो, आणि तेरावा उरकला की पहिला प्रश्न येतो तो कपाट रिकामे कधी होणार हा. मग जुन्या बाजारातला विक्रेता येतो, वजन केल्यासारखी नजर टाकतो, एकगठ्ठा भाव सांगतो आणि जन्मभराच्या वर्गीकरणाची अर्ध्या तासात मोडतोड करून कार्डे गावांच्या नावांप्रमाणे खोक्यांत भरतो, कारण ‘थडगी’ असे खोके दुकानात ठेवले तर गिऱ्हाईक बिचकते. पुढचा संग्राहक येऊन ती पुन्हा एकेक करून वेचतो. अशा रीतीने हातोहात फिरलेल्या कार्डाच्या पाठीवर शंभर वर्षांपूर्वीच्या खुशालीशेजारी, कोपऱ्यात, वेगवेगळ्या विक्रेत्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या आणि खोडलेल्या किमतींची उतरंड दिसते. त्यांतील खुशाली केव्हाच खोटी ठरलेली असते. किंमत मात्र दर मालकाच्या मरणानंतर थोडी वाढवून लिहिलेली असते.